काम चालू आहे

बसून सांगतोय, कारण उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. एरवी मी बसलेला सापडणारा माणूस नाही. बायको म्हणते, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझा चेहरा सलग अर्धा तास एका जागी पाहिला. म्हणू दे. तिला आता काहीही म्हणायचा हक्क आहे, आणि ती तो पुरेपूर वापरते आहे.

मी लिफ्टचा मेकॅनिक. बाबा त्यांच्या काळी लिफ्टमन होते. स्टुलावर बसून अडतीस वर्षं त्यांनी लोकांना वर-खाली नेलं. माझा जीव मात्र लिफ्टमध्ये नाही, जिममध्ये. सुरुवात झाली पाठदुखीपासून. पहिल्या महिन्यात पाठ थांबली, दुसऱ्या महिन्यात मी थांबेनासा झालो. आमच्या जिममध्ये दारालगत एक फळा आहे. त्यावर ज्याचा एकही खाडा नाही त्याचं नाव आणि सलग दिवसांचा आकडा खडूने लिहितात. माझा आकडा होता चारशे बारा. चारशे बारा दिवस, ताप असो, पाहुणे असोत, साडूचं लग्न असो. त्या लग्नात मी हॉलच्या मागे जाऊन जोर काढले होते, सूट घालून. शिवण उसवली, पण खाडा पडला नाही.

सकाळी सहाच्या वेळेला आम्ही पाच जण पक्के. एक दातांचे डॉक्टर, एक कॅशियरबाई, एक गणिताचे सर, एक बेकरीवाला आणि मी. आमच्यात नमस्कार-चमत्कार नाहीत. समोरचा विचारतो, "काम चालू?" आपण म्हणायचं, "चालू." तेवढ्यात सगळं आलं. दुखतंय का, झोप झाली का, घरी भांडण झालं का, कुणी विचारत नाही. काम चालू आहे ना, मग झालं.

महिन्याभरापूर्वी माझी उजवी नडगी दुखायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की हाडाला केसाएवढी चीर आहे, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. मी त्यांना विचारलं, की पूर्ण म्हणजे किती टक्के. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बायकोला मी घरी येऊन सांगितलं, की किरकोळ आहे, पट्टी बांधा म्हणाले. ती स्वतः नर्स. तिने फोटो मागितला. मी म्हटलं, गाडीत राहिला. तो अजून गाडीतच आहे.

आणि अशात जिमची फरशी उखडली. नवी बसवायची म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार जिम बंद. फळा पुसणार नाही, पण व्यायाम केल्याचा पुरावा दाखवायचा असं मालकाने कबूल केलं. शुक्रवारी आम्ही पार्किंगमध्ये एकमेकांच्या गाड्या ढकलल्या. शनिवारी बेकरीवाल्याच्या गोदामात मैद्याची साठ पोती या भिंतीपासून त्या भिंतीला नेली, आणि मग परत होती तिथे आणून ठेवली. त्याचे कामगार दारात उभे राहून बघत होते. त्यातल्या एकाने त्याला हळूच विचारलं, की शेठ, काही चुकलं का आमचं.

रविवारी माझी पाळी. मी म्हटलं, आमची इमारत दहा मजली आहे, जिना सलग आहे, या. सरांनी जागच्या जागी गणित मांडलं. पाच माणसं, प्रत्येकी वीस फेऱ्या, फेरीला दहा मजले. हजार मजले! तो आकडा ऐकल्यावर कुणाला गप्प बसवेल? कॅशियरबाईंच्या अंगावर काटा आला, त्यांनी बाही वर करून दाखवला.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. त्याच रविवारी पावणेदहाला बाबांचा मित्र येणार होता.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी पडले, खुबा मोडला, तेव्हापासून सातव्या मजल्यावरच्या आमच्या घरातून खाली उतरले नव्हते. मित्र त्यांच्याच बरोबरीचा लिफ्टमन. सगळे त्याला आठबोट्या म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात तो काहीतरी दुरुस्त करत होता आणि कुणीतरी मागून म्हणालं, चल लवकर, साहेब खोळंबलेत. घाई केली आणि दोन बोटं गेली. बाबांनी तेव्हापासून एक नेम पाळला. काम करणाऱ्या माणसाला ते घाई करत नाहीत. न्हावी असो, सुतार असो, घरात पोळ्या करणारी सून असो. भूक लागली तरी ताटावर गप्प बसून राहतील.

तर हा आठबोट्या गाव सोडून लेकीकडे कायमचा राहायला चालला होता, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. विमानतळाच्या वाटेवर वीस-पंचवीस मिनिटं थांबणार होता. त्याला एकही पायरी चढवत नाही, चाकांच्या खुर्चीवरून फिरवावं लागतं, आणि ती खुर्ची आमच्या अरुंद लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून बाबांनीच खाली उतरायचं आणि अंगणातल्या बाकावर दोघांनी बसायचं असं ठरलं. त्यासाठी बाबा सहा आठवडे वॉकर घेऊन घरातल्या घरात चालत होते. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. आमच्या घरात खरा व्यायाम कोण करत होतं ते आता कळतंय.

बायकोची सकाळची ड्यूटी होती. निघताना चपला घालता घालता तिने मला बजावलं, की साडेनऊला बाबांना खाली ने, बाकी काही नाही केलंस तरी चालेल. मी हो म्हटलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं, माणूस निदान विसरभोळा ठरतो. मी विसरलो नव्हतो. पावणेआठला सुरू केलं तर पाच मिनिटांची एक फेरी, वीस फेऱ्या, नऊ पंचवीसला खलास. हिशेब चोख होता.

पहिल्याच फेरीला घोळ झाला. डॉक्टर वर पोचले आणि खाली यायला लिफ्टमध्ये शिरले. म्हणे, उतरताना गुडघ्यांना त्रास होतो. बेकरीवाला असा खवळला की विचारू नका. चढणं-उतरणं मिळून फेरी, अर्धी फेरी कुठल्या बाजारात मिळते? सर म्हणाले, की लिफ्ट चालू असली की मनात चोर शिरणारच, आज डॉक्टर, उद्या आपण. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेलो आणि मेन खटका खाली ओढला. पिशवीतून पाट्या काढल्या, माझ्याकडे नेहमी असतात. प्रत्येक मजल्यावर दारावर एकेक लावत खाली आलो. "लिफ्ट बंद आहे. काम चालू आहे." कॅशियरबाई ती पाटी वाचून इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं. काम चालू? चालू!

आणि मग काय सुटलो आम्ही! तुम्ही कधी धावत जिना चढलात का? चौथ्या मजल्यापर्यंत शरीर तक्रार करतं. सातव्यावर ते विनवण्या करतं. नवव्यावर गप्प होतं, आणि दहाव्यावर डोक्यात असा काही दिवा लागतो की मी तुम्हाला सांगू शकत नाही. सगळं स्वच्छ दिसतं. भिंतीवरचा रंगाचा ओघळ सुंदर दिसतो. कोण कुठे दुखावलंय, काय राहिलंय, काय बोलायचं होतं, सगळं पायाखाली जातं. दहाव्याच्या भिंतीवर खडूने आपली रेघ मारायची आणि वळायचं. खाली जिन्याचं दार मागच्या आवारात उघडतं. तिथल्या भिंतीला हात लावायचा आणि परत वर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या आणि लिफ्टच्या नावाने खडे फोडत होत्या. बेकरीवाल्याने त्यांची पिशवी हिसकावूनच घेतली, तेवढंच वजन. नडगी दुखत होती का? ठणकत होती. पण ठणका तालात होता, आणि तालात असलं की सगळं चालतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी सातव्यावरून जाताना बाबा दिसले. लिफ्टच्या दारासमोर घडीची खुर्ची टाकून बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले, पुढ्यात वॉकर. पाटी वाचायला त्यांनी मान पुढे काढली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"काम चालू आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, बाबा. आलोच," म्हणत मी वर गेलो.

मागून डॉक्टर आले, मग सर, मग कॅशियरबाई. बाबा प्रत्येकाला मान डोलावत होते. मला वाटलं, म्हातारा खूष आहे, पोराची ताकद बघतोय. छाती अशी फुगली की मी त्या फेरीला एकदम दोन-दोन पायऱ्या घेतल्या. त्यांना काय वाटत होतं ते मला नंतर कळलं. मशीन वरती गच्चीवर, खड्डा तळाशी. लिफ्टचं मोठं काम निघालं की मेकॅनिक असाच वर-खाली पळतो. आणि आज तर पाच माणसं लावली आहेत, म्हणजे बिघाड मोठाच.

नऊ सत्तावीसला सगळे दहाव्यावर जमलो. वाफ निघत होती अंगातून. सरांनी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. अठ्ठ्याण्णव. परत मोजल्या. अठ्ठ्याण्णवच. दोन फेऱ्या कुणाच्या कमी? डॉक्टर म्हणाले माझ्या वीस. बाई म्हणाल्या माझ्या वीस. बेकरीवाल्याने आईची शपथ घेतली. कुणीतरी दोनदा रेघ मारायची विसरलं होतं एवढाच अर्थ. साध्या माणसांनी हात झटकले असते आणि घरी जाऊन चहा घेतला असता. आमचा नियम असा, की रेघ नाही ती फेरी नाही, आणि संशय आला तर सगळ्यांनी करायची. पाचही जणांनी, प्रत्येकी दोन! तुम्हाला हा मूर्खपणा वाटेल. आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं झालं. मी घड्याळ पाहिलं. दोन फेऱ्या, दहा मिनिटं, साडेनऊचे पावणेदहा. पाहुणे कधी वेळेवर येतात का?

पाहुणा दहा मिनिटं आधीच आला होता.

आम्ही खाली होतो तेव्हा ते सुरू झालं. टण, टण. भिंतीतून आवाज येत होता, लोखंडावर नाणं वाजवल्यासारखा. मग वरून उत्तर आल्यासारखं टण, टण, टण. जिन्याची भिंत आणि लिफ्टची विहीर लागून आहेत, त्यामुळे सगळ्या जिन्यात घुमत होतं. बेकरीवाला म्हणाला, लिफ्टवाले, तुमचे वडील ताल धरतायत आपल्यासाठी. आणि खरंच, सातव्यावर बाबा किल्ली घेऊन लिफ्टच्या चौकटीवर ठोकत होते, कान दाराला लावून, चेहरा लहान पोरासारखा फुललेला. मला बघून त्यांनी हात हलवला, काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही. मी अंगठा वर केला आणि पुढे गेलो.

त्या तालावर आम्ही जे चढलो, तसं आयुष्यात कधी चढलो नाही. टण-टण, डावा उजवा. टण-टण-टण, वळण. कॅशियरबाई पुढे, त्यांच्यामागे मी, मागे तिघांचा श्वास. दोन फेऱ्या संपल्या हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दहाव्यावर सर ओरडले की एकशे आठ झाल्या, आणि बाई म्हणाल्या, ताल चालू आहे तोवर थांबायचं नाही. कुणी थांबलं नाही. मीही नाही. घड्याळ मनगटावरच होतं. मी ते उलटं फिरवून घेतलं, काच आतल्या बाजूला. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय.

पुढे ताल मंदावला. एक लांब ठोका आला, मग बराच वेळ काही नाही, मग वरून तसाच एक लांब. आणि सगळं शांत झालं. डॉक्टर म्हणाले, संपलं वाटतं. आम्ही दहाव्यावर एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मी घड्याळ सरळ केलं. दहा वाजून तेरा मिनिटं.

डॉक्टरांना मशीन रूमचा खटका वर करायला सांगून मी सातव्यावर उतरलो. बाबा खुर्चीवर तसेच बसले होते. किल्ली हातात होती.

"झालं का काम?" ते म्हणाले. "आठबोट्या येऊन गेला. आत्ताच. खालून बोलत होता."

बोलत होता म्हणजे काय, ते त्यांनी किल्लीने चौकटीवर वाजवून दाखवलं. त्यांच्या काळी विहिरीतून असंच बोलायचे. दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे खाली येतो, आणि वर्षानुवर्षं एकत्र काम करून त्यांनी आणखी कितीतरी स्वतःचे रचलेले. लांब एक म्हणजे सोड, आता निघ. बाबांनी त्याला सांगितलं होतं, की लिफ्टचं काम चालू आहे, मुलगा करतोय, थांबता येईल तेवढं थांब. तो थांबला. दहा दहाला लेकीने घाई केली.

"मला हाक मारायची होती, बाबा."

"कामात होतास ना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

पॅसेजच्या खिडकीतून खाली पाहिलं तर निळी गाडी फाटकातून वळत होती. मी सुटलो. सात मजले कसे उतरलो आठवत नाही. रस्त्यावर आलो तेव्हा गाडी औषधांच्या दुकानापाशी होती. चारशे बारा दिवसांचं जे काही पायात साठवलं होतं ते सगळं मी त्या रस्त्यावर सांडलं. दूधवाल्याची सायकल, वाळूचा ढीग, एक उघडं गटार, सगळ्यावरून गेलो. चौकाच्या अलीकडे नडगीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. मला स्पष्ट ऐकू आला. तरी थांबलो नाही. सिग्नल लाल होता, आणि मी गाडीला गाठलं! काचेवर थाप मारली आणि तिथेच दाराला लटकलो.

काच खाली आली. आठबोट्या म्हातारा फारच लहान झाला होता. त्याने मला ओळखलं आणि पहिलं विचारलं, की लिफ्ट सुरू झाली का. मी मान डोलावली. श्वासच नव्हता.

"घाई नाही ना केलीस आमच्यासाठी?" त्याने माझे दोन्ही हात धरून उलटसुलट बघितले. "बोटं शाबूत आहेत. शाब्बास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे चला म्हणालो. लेक पुढून म्हणाली, की नाही हो जमणार, विमान चुकेल. सिग्नल सुटायच्या आत म्हाताऱ्याने उरलेल्या बोटांतल्या अंगठीने खिडकीच्या पत्र्यावर वाजवलं. दोन. एक. तीन. परत एक. मग लांब नाही, तर दोन जलद. "एवढं सांग त्याला," तो म्हणाला, आणि गाडी गेली.

दोन, एक, तीन, एक, जलद दोन. मी ते पुटपुटत परतलो. लंगडत, मग एका पायावर, मग भिंती धरून. आयुष्यात एवढं जपून काही मोजलं नव्हतं. इमारतीत पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती, वर जाईपर्यंत आकडा हरवेल अशी धास्ती वाटली. लिफ्टच्या खालच्या दारापाशी गेलो, खिशातली किल्ली काढली आणि चौकटीवर वाजवलं. दोन. एक. तीन. एक. जलद दोन.

वरून ताबडतोब उत्तर आलं. धडाधड, एकामागून एक, थांबतच नव्हतं. कधी ऐकला नव्हता इतका उतावळा ठोका. आणि मग वरचं दार उघडल्याचा आवाज, आणि लिफ्ट खाली यायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण लिफ्ट मध्ये थांबवता येत नाही.

दार उघडलं. बाबा वॉकर धरून उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा खाली आले होते, एकटे. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग दाराकडे. मग बाकाकडे.

"कुठाय?"

मी सांगितलं. तो गेला, निरोप त्याचा होता, वाजवला मी. बाबांनी मला परत वाजवायला लावलं. मी वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. एकदा हसू आल्यासारखं झालं. अर्थ त्यांनी सांगितला नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

तोवर बाकीचे चौघं जिन्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. बाबांनी हात फिरवून लिफ्टचं दार तपासलं, खालची पट्टी बघितली, दोऱ्यांचा आवाज ऐकायला मान वर केली. अडतीस वर्षांची सवय. मग कारागिराने कारागिराला विचारावं तसं मला विचारलं, की काय बिघडलं होतं.

बेकरीवाला काहीतरी बोलणार होता. सरांनी त्याचा हात दाबला.

"काही नाही, बाबा," मी म्हणालो. "लिफ्ट चांगली होती."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. ती अजून दारावरच होती. एक चांगला डोळा जवळ नेऊन त्यांनी ती परत एकदा वाचली.

"मग काम कसलं चालू होतं?"

आम्ही पाच जण होतो. बाबा उत्तरासाठी थांबले. घाई करायची नाही हा त्यांचा नेम आहे. मग ते वॉकर उचलत, टेकत, अंगणाकडे निघाले. सवयीने सर ओठांतल्या ओठांत पावलं मोजायला लागले, तेव्हा कॅशियरबाईंनी त्यांना चिमटा काढला. बाबा बाकापर्यंत गेले आणि एका टोकाला बसले, दुसरं टोक मोकळं सोडून.

मी उभाच राहिलो, मोडक्या पायावर.